सागराच्या क्षारतेचे आकाशातून मापन

समुद्राचे पाणी खारट असते, एवढे कळण्यासाठी आकाशात यंत्र धाडण्याची कोणालाच गरज नाही. किनाऱ्यावर खेळणाऱ्या पोरालाही ते एका घोटात कळते आणि जन्मभर लक्षात राहते. परंतु ते सर्वत्र सारखेच खारट आहे काय, गेल्या वर्षी होते तेवढेच आजही आहे काय, आणि त्यात फरक पडत असेल तर तो कशामुळे, असे प्रश्न विचारले म्हणजे जिभेची साक्ष अपुरी पडते. एक किलोग्रॅम समुद्रजलात सरासरीने 35 ग्रॅम क्षार असतात. खुल्या महासागरात बहुतेक ठिकाणी हे प्रमाण 32 ते 37 ग्रॅमांच्या दरम्यान राहते. पाच ग्रॅमांची ही अरुंद पट्टी. पण पृथ्वीवरील पाण्याचा बराचसा जमाखर्च तिच्यात नोंदलेला आहे.

पाण्याचा विचार करू लागलेल्या माणसाची दृष्टी सहसा नद्या, तलाव आणि विहिरी यांच्यावर खिळते. त्याचे पोट त्यांच्यावर अवलंबून असल्यामुळे ते स्वाभाविकच होय. वस्तुतः पृथ्वीवरील सुमारे 97 टक्के पाणी समुद्रात आहे. वातावरणात चढणाऱ्या एकूण वाफेपैकी सुमारे 85 टक्के वाफ समुद्रातूनच निघते आणि जगात पडणाऱ्या पावसाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पुन्हा समुद्रावरच पडतो. शेते, धरणे आणि जंगले यांच्या वाट्याला येतो तो राहिलेला हिस्सा. म्हणजे पाण्याच्या ह्या प्रचंड व्यवहाराची मुख्य पेढी समुद्रावर आहे आणि जमीन ही तिची एक लहानशी शाखा आहे. असे असूनही पाऊस मोजण्याची साधने मात्र जवळजवळ सगळी जमिनीवर! ते टाळताही येत नव्हते. तालुक्याच्या कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक पुरून ठेवता येतो. खवळलेल्या समुद्रावर, डुलणाऱ्या जहाजावर, लाटांच्या तुषारांत तो काय मोजणार?

ह्या अडचणीतून वाट काढण्याची सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. पाण्याची वाफ होते तेव्हा क्षार मागे राहतात आणि पाणी अधिक खारट होते. कोकणातील मिठागरवाला ह्याच नियमावर आपला धंदा चालवीत आला आहे. उलट पाऊस पडला, नदी येऊन मिळाली किंवा बर्फ वितळले, की पाणी फिके होते. तेव्हा एखाद्या ठिकाणचे समुद्रजल किती खारट आहे ह्यावरून तेथे वाफ अधिक झाली की पाऊस अधिक पडला, ह्याचा अंदाज घेता येतो. प्रवाह पाणी वाहून नेतात, वारा ते घुसळतो, हे हिशेबात धरावे लागतेच. परंतु मूळ तत्त्व इतके सरळ आहे.

ह्या तत्त्वाचे उत्तम उदाहरण भारताच्या दोन बाजूंना मांडून ठेवलेले आहे. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर हे एकाच अक्षांशांवरचे, एकाच मोसमी वाऱ्याखालचे शेजारी. पण अरबी समुद्रावर पश्चिमेकडील वाळवंटांचे कोरडे वारे वाहतात. तेथे वाफ फार होते आणि क्षारता 36 ग्रॅमांच्या वर जाते. बंगालच्या उपसागराला गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, इरावती अशा नद्यांचे पाणी मिळते, शिवाय पाऊसही भरपूर. पावसाळा संपता संपता त्याच्या उत्तर भागात क्षारता 30 ग्रॅमांच्याही खाली उतरते. गोदावरी त्र्यंबकेश्वरास उगम पावते, म्हणजे अरबी समुद्रापासून अवघ्या 80 किलोमीटरांच्या आसपास. कृष्णेची गोष्टही तीच. घराशेजारचा समुद्र सोडून ह्या सह्याद्रीच्या कन्या आपले सारे दान पूर्वसमुद्राच्या पदरात टाकतात. आधीच गोड्या पाण्याने भरलेल्या उपसागरात त्यामुळे आणखी भर पडते.

क्षारतेच्या मोजणीचा इतिहास बराच जुना आहे. 1687 मध्ये एडमंड हॅले ह्या इंग्रज ज्योतिर्विदाने (धूमकेतूमुळे त्याचे नाव घरोघर पोचलेले आहे) समुद्राइतके खारट केलेले पाणी पसरट भांड्यात घेऊन, त्याला उन्हाळ्यातील हवेइतकी ऊब देऊन, त्याची किती वाफ होते हे वजन करून पाहिले आणि त्यावरून भूमध्य समुद्राच्या पाण्याचा हिशेब मांडला. पुढे 1872 ते 1876 ह्या काळात ‘चॅलेंजर’ नावाच्या ब्रिटिश जहाजाने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिच्यात जमवलेल्या पाण्याच्या 77 नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार ह्या रसायनशास्त्रज्ञाने केले आणि 1884 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. समुद्र कोणताही असो, क्षारांचे एकंदर प्रमाण कमीजास्त असो, परंतु निरनिराळ्या क्षारांचे आपसांतील प्रमाण जवळजवळ तेच राहते, हे त्याने भक्कम पुराव्यानिशी दाखवले. ह्याचा व्यावहारिक लाभ मोठा होता. एक क्लोरीन मोजले की बाकी सगळ्यांचा हिशेब लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी मार्टिन नुडसेन ह्या डॅनिश शास्त्रज्ञाने त्यासाठी कोष्टके तयार केली आणि कोपनहेगन येथे काचेच्या नळ्यांत बंद केलेले प्रमाणभूत समुद्रजल जगभरच्या प्रयोगशाळांना जाऊ लागले. पुढे रासायनिक पृथक्करणाची जागा विद्युतवाहकतेच्या मापनाने घेतली. पाणी जितके खारट तितकी त्यातून वीज अधिक सुलभपणे वाहते. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आकाशातील यंत्राचे सारे कौशल्य तिच्यावरच उभे आहे.

मात्र ह्या सर्व पद्धतींत पाणी हाताशी असावे लागे. जहाज जाईल तेथलेच पाणी मोजले जाई आणि जहाजे व्यापाराच्या वाटा सोडून सहसा जात नसत. दक्षिण महासागराचे अफाट टापू वर्षानुवर्षे अस्पर्श राहिले. 1960 च्या दशकाच्या अखेरीस उत्तर अटलांटिकात फिक्या पाण्याचा एक विशाल पट्टा आढळला. तो प्रवाहांबरोबर फिरत फिरत, सुमारे चौदा वर्षांनी, 1980 च्या दशकाच्या आरंभी ग्रीनलंडच्या समुद्रात परतला. त्याचा संपूर्ण प्रवास शास्त्रज्ञांनी जुळवला तो नंतर, जहाजांच्या विस्कळित नोंदी एकत्र करून. त्याचे महत्त्व सामान्य नव्हते. उत्तर अटलांटिकातील थंड व खारट पाणी जड होऊन तळाशी जाते आणि त्याची जागा घेण्यासाठी दक्षिणेकडील ऊबदार पाणी वर येते. युरोपच्या सौम्य हिवाळ्याला ह्या अभिसरणाचा हातभार लागतो. पाणी फिके झाले की ते हलके होते आणि बुडण्यास तयार होत नाही.

2000 च्या सुमारास ‘आर्गो’ नावाच्या तरंगत्या यंत्रांची योजना सुरू झाली. भारतही तिच्यात सहभागी आहे. ही यंत्रे दोन किलोमीटर खोल बुडी मारतात, वर येता येता तापमान व क्षारता नोंदवतात आणि दर दहा दिवसांनी आपला वृत्तान्त उपग्रहाकडे धाडतात. 2007 मध्ये त्यांची संख्या 3000 झाली. समुद्रशास्त्रात ह्या यंत्रांनी क्रांती केली असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नव्हे. तथापि शेकडो किलोमीटरांच्या पाण्यावर एक यंत्र, हे प्रमाण विरळच राहिले. शिवाय त्यांतील पुष्कळशी यंत्रे पृष्ठभागाजवळ पाच मीटरांवर आली की आपला पंप बंद करतात, कारण वरची घाण आत शिरण्याचे भय असते. नुकत्याच पडलेल्या पावसाचे पाणी नेमके ह्याच वरच्या थरात असते!

आता आकाशातून मोजणी कशी होते, ते पाहावयाचे. ऊब असलेला प्रत्येक पदार्थ काही ना काही प्रारण बाहेर टाकतो. त्यात रेडिओच्या लहरीही असतात. नभोवाणीच्या श्रोत्यांना शेकडो मीटर लांबीच्या मध्यम लहरी परिचयाच्या आहेत. समुद्रही एक अखंड चाललेले प्रक्षेपण केंद्रच आहे. फक्त त्याचा आवाज अतिशय क्षीण आहे आणि क्षारतेची वार्ता त्यात स्पष्टपणे ऐकू येते ती 21 सेंटिमीटरांच्या आसपासच्या लहरींवर. पाणी जितके खारट तितके ते विजेचे चांगले वाहक, आणि जितके चांगले वाहक तितके ते बाहेर टाकीत असलेले प्रारण कमी. म्हणून खारट समुद्र ह्या लहरींत किंचित मंद दिसतो आणि फिका समुद्र किंचित उजळ. फरक किती? पाणी ऊबदार असेल तर एका ग्रॅमाच्या फरकाने प्रारणमापकाला भासणारे तापमान सुमारे अर्ध्या अंशाने बदलते. थंड पाण्यात हा फरक आणखी निम्म्यावर येतो. उपयोगी पडण्यासाठी मोजणी मात्र एका ग्रॅमाच्या पंचमांशापर्यंत अचूक असावी लागते. एका लिटर पाण्यात चिमटीतल्या मिठाचा अंश पडला की नाही, हे साडेसहाशे किलोमीटर उंचीवरून ओळखण्याचा हा प्रकार आहे. तेही फक्त वरच्या एका सेंटिमीटराच्या थरातून, कारण त्याखालचे प्रारण पाण्यातच जिरून जाते.

ह्या लहरींची निवड करण्यात आणखी एक योग साधला गेला. आकाशगंगेत विखुरलेला हायड्रोजन वायू 21 सेंटिमीटर लांबीच्या लहरी बाहेर टाकतो. 1951 मध्ये त्या प्रथम पकडण्यात आल्या. पुणे जिल्ह्यातील खोडद येथे उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीणही त्या ऐकू शकते. खगोलशास्त्रज्ञांच्या ह्या कामात व्यत्यय येऊ नये म्हणून त्या पट्टीत कोणीही प्रक्षेपण करू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ताऱ्यांसाठी राखून ठेवलेली ही शांतता समुद्राचा आवाज ऐकणाऱ्यांच्या आयतीच उपयोगी पडली. पण फुकटात मिळालेल्या गोष्टीची किंमतही मोजावी लागतेच: आकाशगंगेचे प्रारण समुद्राच्या पृष्ठावरून परावर्तित होऊन उपग्रहाच्या अँटेनात शिरते आणि ते हिशेबातून वजा करावे लागते. सूर्याचेही तसेच. वाऱ्याने समुद्र खडबडीत झाला की त्याचे प्रारण वाढते आणि हा फरक कित्येकदा क्षारतेच्या फरकाहून मोठा असतो. शिवाय मनुष्यप्राणी नियम पाळतोच असे नाही. राखीव पट्टीत घुसखोरी करणारी रडार आणि प्रक्षेपण यंत्रे अनेक देशांत आहेत, हे उपग्रह वर गेल्यावरच उघडकीस आले. त्यांतील बरीच यंत्रे पुढे पत्रव्यवहार करून बंद करविण्यात आली.

अंतराळातून ह्या लहरी ऐकण्याचा पहिला प्रयोग 1973-74 मध्ये अमेरिकेच्या ‘स्कायलॅब’वरून झाला, पण नियमित मोजणीसाठी आणखी पस्तीस वर्षे जावी लागली. अडचण अँटेनाच्या आकाराची होती. लहर लांब असेल तर दृष्टी भरड होते, आणि बारीक दिसावयास हवे असेल तर अँटेना फार मोठी लागते. युरोपीय अंतराळ संस्थेने ह्यावर खगोलशास्त्रज्ञांचीच युक्ती उसनी घेतली. 2 नोव्हेंबर 2009 रोजी रशियातून सोडलेल्या ‘स्मॉस’ उपग्रहाला तीन लांब बाहू आहेत; त्यांवर व मध्यभागी मिळून 69 छोटे ग्राहक बसवलेले आहेत आणि ते सर्व मिळून एका मोठ्या अँटेनाचे काम करतात. 10 जून 2011 रोजी अमेरिका व अर्जेंटिना यांनी संयुक्तपणे ‘अ‍ॅक्वेरियस’ धाडले. त्याची अँटेना अडीच मीटरांची होती, आणि वाऱ्याचा त्रास ओळखण्यासाठी त्याच्यावर त्याच पट्टीचे रडारही बसवलेले होते. त्याच वर्षी त्याचा पहिला नकाशा प्रसिद्ध झाला तेव्हा अटलांटिक प्रशांताहून खारट, अरबी समुद्र बंगालच्या उपसागराहून खारट, अ‍ॅमेझॉनच्या मुखापासून पसरलेला फिका पट्टा, असे सारे एका कागदावर एकदम दिसले. ह्यातले बरेचसे पूर्वीच माहीत होते, असा आक्षेप कोणी घेऊ शकेल. परंतु शंभर वर्षांच्या जहाजांच्या नोंदी जमवून जे माहीत झाले होते, ते आता दर आठवड्याला दिसू लागले, हा फरक थोडा नव्हे. 2015 च्या जूनमध्ये वीजपुरवठ्यातील बिघाडाने ते यान निकामी झाले. सुदैवाने त्याच वर्षी 31 जानेवारीला ‘स्मॅप’ नावाचा अमेरिकन उपग्रह वर गेला होता. तो धाडला होता जमिनीतील ओलावा मोजण्यासाठी. त्याचे रडार जुलैतच बंद पडले, पण सहा मीटर व्यासाच्या फिरत्या जाळीची त्याची अँटेना समुद्राचीही क्षारता उत्तम मोजते, असे दिसून आले. शेतीसाठी नेमलेला चाकर दर्यावरही कामास आला.

ह्या नकाशांचा भारताशी संबंध कोठे येतो, हे बंगालच्या उपसागराकडे पुन्हा वळल्यावर ध्यानात येईल. पावसाळ्यानंतर उपसागराच्या उत्तर भागावर फिक्या पाण्याचा पातळ थर साय धरल्याप्रमाणे पसरतो. तो हलका असल्यामुळे खालच्या खारट पाण्यात सहजासहजी मिसळत नाही. एरवी चक्रीवादळ समुद्रावरून जाताना पाणी ढवळते, खालचे थंड पाणी वर आणते आणि त्यामुळे त्याचाच जोर थोडा ओसरतो. आपल्याच चुलीवर पाणी ओतण्यासारखे ते असते. हा फिका थर मात्र त्या ढवळण्याला अडसर घालतो. वरचे पाणी ऊबदारच राहते आणि वादळाला खाद्य मिळत जाते. एकट्या क्षारतेने वादळाचे बळ ठरते असे नव्हे. वाऱ्यांची रचना आणि हवेतील बाष्प ह्यांचाही त्यात वाटा असतो. पण हा थर जेव्हा सर्वांत ठळक असतो, त्याच ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत ओडिशा, आंध्र आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांवर मोठी वादळे येतात. तेव्हा वादळाचा अंदाज वर्तविणाऱ्याला पाण्याचे तापमान माहीत असणे पुरेसे नाही.

आणि हे पाणी उपसागरातच थांबत नाही. हिवाळ्यात त्याचा काही भाग श्रीलंकेला वळसा घालून केरळच्या किनाऱ्यापुढे अरबी समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यात येतो. उन्हाळ्यात त्याच परिसरातील पाणी फार तापते, आणि मान्सूनच्या आगमनाशी ह्या तापलेल्या पाण्याचा संबंध असावा असे अनेक शास्त्रज्ञांचे मत आहे. फिक्या थराचा त्यात वाटा किती, ह्याविषयी मतभेद आहेत. मतभेद मिटावयाचे तर मोजणी हवी.

उपग्रहाची दृष्टी मात्र किनाऱ्याजवळ अधू होते. ह्या लहरींत जमीन समुद्राच्या दुपटीहून अधिक तेजस्वी दिसते आणि तिचा उजेड शेजारच्या पाण्यावर सांडतो. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या काही दहा किलोमीटरांच्या पट्ट्यातील आकडे भरवशाचे राहत नाहीत. आणि कोळ्यांचे सारे जीवन त्याच पट्ट्यात! गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. 1960 च्या दशकातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ, 1966 मध्ये, ती स्थापन झाली. ह्या संस्थेने 2005 च्या मे महिन्यापासून एक अत्यंत साधी योजना चालवली. भारताच्या किनाऱ्यावरील आठ ठिकाणी कोळी दर पाच दिवसांनी गुडघाभर पाण्यात उतरत आणि बाटलीत समुद्राचे पाणी भरून घेत. मग त्या पाण्याची क्षारता मोजली जाई. किनाऱ्यावरचे एवढेसे पाणी दूरच्या समुद्राबद्दल काय सांगणार, अशी शंका येण्यासारखी होती; परंतु खोल समुद्रातील नमुन्यांशी ताडून पाहता ते चांगले जुळले. 2014 मध्ये ह्या नोंदींवरचा निबंध प्रसिद्ध झाला. पावसाळ्याच्या अखेरीस उपसागराच्या उत्तर किनाऱ्यावर क्षारता दहा ग्रॅमांहून अधिक खाली येते आणि हे फिके पाणी सुमारे शंभर किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातून, पूर्व किनाऱ्याला धरून, दक्षिणेकडे सरकत अडीच महिन्यांत भारताच्या दक्षिण टोकाशी पोचते, असे त्यात दाखवले होते. ह्या प्रवाहाला निबंधकारांनी ‘समुद्रातील नदी’ म्हटले. पुढे उपग्रहांच्या नकाशांतही हा पट्टा ओळखता आला. त्याची रुंदी आणि पोच वर्षावर्षाला बदलते, हेही त्यांवरून कळले. बाटलीने किनारा सांभाळला आणि उपग्रहाने खुला समुद्र.

ह्याहूनही मोठा एक प्रश्न आहे. हवा तापली म्हणजे ती अधिक बाष्प धरते. मग पृथ्वीवरील पाण्याचे चक्रही अधिक जोराने फिरू लागेल काय? 2012 मध्ये ऑस्ट्रेलियातील व अमेरिकेतील संशोधकांनी 1950 ते 2000 ह्या अर्धशतकातील क्षारतेच्या नोंदी तपासून ह्याचे उत्तर दिले. खारट समुद्र अधिक खारट होत चालले आहेत आणि फिके अधिक फिके. त्या पन्नास वर्षांत पृथ्वीचा पृष्ठभाग सुमारे अर्ध्या अंशाने तापला आणि जलचक्राचा वेग सुमारे चार टक्क्यांनी वाढला. त्या वेळच्या संगणकीय प्रतिकृतींनी वर्तविलेल्या वाढीच्या ही जवळजवळ दुप्पट होती. पाऊस जेथे पडतो तेथे तो अधिक पडावा आणि कोरड्या प्रदेशांतून पाणी आणखी निघून जावे, असा ह्याचा रोख आहे. समुद्रावर जे सिद्ध झाले ते जमिनीवर जसेच्या तसे लागू पडेल असे नाही. जमिनीचा व्यवहार अधिक गुंतागुंतीचा आहे. तथापि मुख्य पेढीतील उलाढाल वाढली असता शाखेवर तिचा परिणाम होणार नाही, असे मानणे धाडसाचे होईल.

हे उत्तर मिळण्यास पन्नास वर्षांच्या नोंदी लागल्या. उपग्रहांच्या नोंदी 2010 पासूनच्या, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या आहेत. अशा प्रश्नासाठी एवढा काळ थोडाच, कारण प्रशांत महासागरातील एल निनोसारख्या उलथापालथी काही वर्षांच्या अंतराने येतात आणि त्यांची भरती-ओहोटी मूळ कलाला झाकून टाकते. ‘स्मॉस’ आणि ‘स्मॅप’ दोन्ही मुळात तीन वर्षांच्या कामगिरीवर धाडलेले होते. दोघांनीही दहा वर्षांहून अधिक काळ नोकरी केली. 2024 च्या नोव्हेंबरात चीनने क्षारतेच्या मापनासाठी स्वतःचा उपग्रह सोडला. युरोपात ध्रुवीय बर्फाच्या पाहणीसाठी एका मोठ्या उपग्रहाची बांधणी चालू आहे. त्याच्या अनेक ग्राहकांपैकी एक ह्याच 21 सेंटिमीटरांच्या पट्टीवर चालेल. जुने उपग्रह थकण्यापूर्वी तो वर गेला, तर दोन्ही यंत्रांना काही काळ एकाच समुद्राकडे पाहता येईल आणि त्यांचे आकडे एकमेकांशी ताडून घेता येतील. मध्ये खंड पडला, तर नव्या आकड्यांतील फरक समुद्राचा की यंत्राचा, हे ठरवण्यासाठी पुन्हा तरंगत्या यंत्रांकडे आणि बाटल्यांतील नमुन्यांकडे जावे लागेल.